सहा बाजूंनी आई

शेवटच्या वर्षाला फोटोग्राफीच्या मॅडमनी सांगितलं, "एकाच माणसाचे दहा फोटो आणा. मला तो माणूस दिसला पाहिजे." तीन आठवडे होते हातात. तिसरा संपत आला, सोमवारी द्यायचे, आणि माझ्याकडे धड एक फोटो नाही! यात नापास म्हणजे वर्ष गेलं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

खरं तर कॅमेरा म्हणजे माझ्या हातचा मळ. सकाळी कॉलेज, दुपारी कशेळीच्या गोदामात ड्युटी. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या मालाचे फोटो काढायचे. फुटलेला मिक्सर, चेपलेला कुकर, उसवलेला कुर्ता. सहा बाजूंनी सहा फोटो, मग मोडलेल्या जागेचे जवळून. सुपरवायझर दिवसभर ओरडायचा, "डॅमेज दिखना चाहिए, बाकी कुछ नहीं!" फोकस, लाइट, सगळं मी तिथंच शिकले. पहिल्या वर्षी मी डबक्यातल्या उजेडाचे, दोरीवरच्या कपड्यांचे, कशाकशाचे फोटो काढायचे. ते कधी सुटलं, कळलंच नाही.

माणूस शोधत अख्खी भिवंडी पालथी घातली. चहावाला झाला, लूमवाले चाचा झाले, फुलवाली झाली. हात शिवशिवायचे, पण डोळा कुठं ठरेल तर शपथ. शेवटी रविवारी घरात आई दिसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आई तांदूळ निवडत होती. मी समोरून काढला, मागून काढला, डावीकडून, उजवीकडून, स्टुलावर चढून वरून, लादीवर आडवी होऊन खालून.

"काय गो, अंगात आलंय का तुझ्या?" आई हसली.

"हलू नकोस!"

मग जवळून. टाचेच्या भेगा, मनगटावरचा तव्याचा चटका, अंगठ्याचं तुटलेलं नख, ब्लाउजची उसवलेली शिवण. दहा झाले. सुटले एकदाची, असं वाटलं.

आईनं कॅमेरा मागितला. एकेक फोटो पुढं सरकवत गेली, तसं तिचं हसू मावळलं.

"मी कुठं हाय यात?"

"तूच तर आहेस सगळीकडे!" मी खेकसले. "उद्या द्यायचेत, आई. कटकट नको करूस."

"ही टाच हाय. हा चटका हाय. मी न्हाय." तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला. "महिना झाला, दोन शब्द बोलली न्हायस माझ्याशी. तुला मी काय दिसणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आलेल्या मालासारखी मी आईला उलटीपालटी करून पाहिली होती. स्वतःचा इतका संताप आला की दहाही फोटो तिथल्या तिथं डिलीट केले. तिच्यासमोर बसले आणि तांदूळ निवडायला घेतले.

चार खडे काढून बाजूला टाकले. मग तिनं गणेशपुरीची गोष्ट काढली. लहानपणी तिची बकरी तिच्यामागून एसटीत चढली होती, आणि कंडक्टर बकरीचं तिकीट मागत होता. मी पोट धरून हसले. मध्येच कधी कॅमेरा उचलला, पुन्हा खाली ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तीनच फोटो, त्यातला एक हललेला.

सोमवारी मॅडमनी ते तीन बराच वेळ पाहिले. मार्क कापले, कसंबसं काठावर पास केलं.

"बाकीच्या सातांचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा आम्ही बोलत होतो, मॅडम."