तामरैच्या हातचं अंतर

मदुराईच्या एका सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत तामरैसेल्वीची एकतीस वर्षं गेली. जंतू पसरलेल्या काचेच्या बशीवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, हे तिचं काम. रोज पहाटे दारात कोलमचे, तिकडच्या रांगोळीचे, ठिपके घालणारा हात तो, त्याला पट्टी कधी लागली नाही.

त्या दुपारी नव्या डॉक्टर नप्पिन्नै अहवालांवर सह्या करत होत्या. मुत्तुलक्ष्मी नावाच्या बाळंतिणीच्या रक्तात जंतू सापडले होते, ताप हटत नव्हता. औषधाच्या चकतीभोवती जंतू मरून पडलेलं मोकळं वर्तुळ मापात बसत होतं, म्हणजे नेहमीचं इंजेक्शन चालणार होतं. तामरैनं बशी उजेडात तिरकी धरली. वर्तुळाची कड शेजारच्या चकतीच्या बाजूला जराशी ओढल्यासारखी दिसत होती. चकत्या दुसऱ्या बाईंनी लावलेल्या, सुबक पण लांब लांब.

"डॉक्टरअम्मा, सही नका करू. हे इंजेक्शन लागू पडायचं नाही."

"अक्का, हा तुमच्या दारातला कोलम नाही. माप बरोबर आहे."

"माप बरोबरच आहे. कड बघा."

मग तिनं समजावलं. हे जंतू औषध कापणारं एन्झाइम बनवतात. मूळच्या एन्झाइमच्या खोबणीत जुनी, लहान औषधंच मावायची. जनुकातलं एखादं अक्षर बदललं की खोबण सैलावते आणि नवं, मोठं औषधही तिच्यात शिरून कापलं जातं. पण त्याच सैल खोबणीत एन्झाइमला अडवणारं रसायन जास्तच पक्कं बसतं. शेजारच्या चकतीत तेच रसायन होतं, म्हणून त्या बाजूला जंतू जरा जास्त मेले होते; चकत्या लांब असल्यानं ते जेमतेम दिसत होतं.

खात्री व्हायला सकाळ उजाडणार होती, आणि बाळंतिणीला तेवढा वेळ नव्हता. त्याऐवजी राखीव भारी औषध उगाच दिलं तर जाब डॉक्टरांनाच द्यावा लागणार.

"चुकलं तर माझं नाव लिहा," तामरै म्हणाली.

नप्पिन्नैंनी वॉर्डला फोन करून औषध बदलायला सांगितलं. तामरैनं नव्या बशीवर चकत्या जवळ जवळ मांडल्या. सकाळी दोन चकत्यांमधली जागा लख्ख मोकळी होती, कुलपाच्या भोकासारखी.

तिसऱ्या दिवशी मुत्तुलक्ष्मीनं रसम-भात मागितला.

डॉक्टरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. आजपासून चकत्या अक्कांच्या अंतरानं लावायच्या, म्हणाल्या. एकीनं तामरैनं लावलेल्या चकत्यांमध्ये पट्टी धरून पाहिलं. दर वेळी वीस मिलिमीटर.

"मोजून झालं?" तामरै म्हणाली. "पुढची बशी द्या."