दाजींचे तीन डबे

आमच्या दाजींइतका वायरींवर जीव टाकणारा माणूस भोर-वेल्ह्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. तरुणपणी काही वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर चढायची नोकरी केली आणि मग गावी शेती करायला परतले. पण मला ते खांबावरून पुरते उतरलेले कधी वाटले नाहीत. पुण्याला आले की आधी जुना बाजार गाठायचे आणि टेलिफोनच्या भंगारातले रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे खटके, पिशवीत भरून कापूरहोळपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसायचे. एकदा कंडक्टरनं पिशवी टपावर टाकायला सांगितली, तर दाजी स्वतःच टपावर जायला निघाले.

गावी नदीकाठी पाणी उपसायच्या तीन मोटारी होत्या. एक दाजींची, एक त्यांच्या चुलत्यांची आणि एक शेजारच्या तुळसाबाईंची. दोन एकदम सुरू झाल्या की फ्यूज उडायचा आणि मग भांडण पेटायचं. दाजींनी बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत रिले बसवले, एकेक डबा एकेका मोटारीपाशी ठेवला आणि तिन्ही तारांनी जोडून टाकले. एकाची मोटार चालू असली की बाकीचे डबे आपापली मोटार अडवून धरत. त्याचा हौद भरला की पुढच्याची पाळी. तिथून तारा अंगणावरून घरात आणल्या होत्या. घरात गजराच्या घड्याळावर कागदाची गुंडाळी फिरे आणि कुठली मोटार कधी चालली याच्या रेघा तीन टाक तीन रंगांत ओढत बसत. हे वेड पुढं जेवणाच्या पंगतीतही शिरलं. दोघं एकदम बोलले की दाजी हात वर करायचे, "येकाचं झालं की दुसऱ्यानं." आक्का म्हणायची, "माजी पाळी कवा येती, ते बी कागदावर बगा."

एका उन्हाळ्यात तुळसाबाईंच्या कांद्यानं माना टाकल्या. त्यांचं सगळं वर्ष त्या कांद्यावर होतं. दाजींचा कांदा मात्र असा तरारला होता, की ते येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या शेणखताचं कौतुक ऐकवत. "डबं मला पानी देत न्हाईत," असं तुळसाबाई सांगून थकल्या. दाजींचं उत्तर ठरलेलं, "डब्याला आपला-परका कळत न्हाई." शेवटी देवळात बैठक बसली. डबे काढून टाका, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी रविवारचा गेलो होतो, म्हणून हे सारं डोळ्यांनी पाहिलं.

दाजींनी मोठ्या ऐटीत सगळी गुंडाळी देवळाच्या फरशीवर उलगडली आणि बोट फिरवत निघाले. मध्येच बोट थांबलं. रोज दहा ते बारा तुळसाबाईंची हिरवी रेघ गायब होती आणि दाजींची लाल सलग धावत होती. त्या रेघा वाचता येणारा गावात एकच माणूस होता. त्यानं कागद गुंडाळून ठेवला असता, तरी कुणाला काही कळलं नसतं.

"तुळसाबाई, तुमचं खरं हाय," दाजी म्हणाले. "पानी म्याच घेतलंय."

मग सगळी बैठक तारेच्या मागोमाग चालत दाजींच्या अंगणात आली. तिथं आक्काचं ओलं नऊवारी लुगडं त्याच तारांवर वाळत होतं. त्याच्या भारानं दोन तारा टेकल्या की हौद भरूनही दाजींची मोटार बंद होत नसे आणि जास्तीचं पाणी त्यांच्याच कांद्यात उतरे. आक्का शांतपणे म्हणाली, "अंगणात तार हाय, मग लुगडं कुठं घालू?" तुळसाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

दाजींनी त्याच दिवशी आपली मोटार बंद केली आणि आपली पाळी तुळसाबाईंना दिली. "आवं, तुमचा कांदा जाईल की," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. लई पिलाय त्यो," दाजी म्हणाले. त्यांचा कांदा सुपारीएवढाच राहिला. दाजी मात्र बांधावर बसून तुळसाबाईंच्या वाफ्यात शिरणारं पाणी असे बघत, जणू घरात लग्न निघालंय.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते असतानाच माझ्या नोकरीत एकदा असाच एक कागद माझ्या हातात आला होता. चूक माझी होती आणि ती फक्त मलाच वाचता येत होती. मी तो मुकाट्यानं फायलीत लावून टाकला. दाजींना हे सांगायचं ठरवून मी दोनदा भोरला गेलो, आणि दोन्ही वेळा जेवून परत आलो.