न वाचलेल्या अटी
मोहफुलांचा वास आला की कुरखेड्यातलं ते मोबाइलचं दुकान आठवतं. माझे पती वनरक्षक होते. त्यांच्या गणवेशाला हाच वास असायचा. जंगलात त्यांचा फोन लागत नसे. ते सडकेवर आले की मला त्यांची कॉलर ट्यून ऐकू यायची आणि मी भात टाकायची. ते गेल्यावरही त्या ट्यूनचे पैसे कटत राहिले, म्हणून मी दुकानात गेले. "बाई, भाऊनंच होकाराचं बटन दाबलं. बंद करेपर्यंत कटतच राह्यते, अटीत लिहून हाये," दुकानदार म्हणाला. "तुम्हीच दाबून दिलं असेल." "मी नाई. मी म्हटलं वाचून घ्या, तं भाऊ म्हणे, वाचाले घरी मास्तरीन हाये ना." वाक्य त्यांचंच होतं. दोष कंपनीच्या मुंगीएवढ्या अक्षरांचा, दुकानदाराचा की यांचा, हे भांडून ठरवायला मी गेले होते. "मंग बंद करून टाकू?" त्यानं विचारलं. मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि नको म्हटलं. त्यांचा फोन अजून कपाटात चार्ज करून ठेवलेला असतो. संध्याकाळी मी तो नंबर लावते, ट्यून संपेपर्यंत ऐकते, आणि एकटीपुरता भात टाकते.