पिनचं पत्र गेलं कारखान्यावर

"सर, तिसरं पत्रबी न्हाई आलं," संगीता म्हणाली.

शिरूर कासारला माझे कॉम्प्युटर क्लास होते. संगीता जवळच्या खेड्यातून टायपिंग शिकायला आली आणि ब्लॉग काढून बसली. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही, कुणीही उघडून वाचावी. ती भरती परीक्षेचं इंग्रजी ग्रामर सोपं करून लिहायची. पोरं वाचायची, बाजूला जाहिराती दिसायच्या. कुणी जाहिरातीवर क्लिक केलं की जाहिरातवाली कंपनी थोडे पैसे ब्लॉगच्या खात्यावर जमा करायची. सुरुवातीला त्यात चहासुद्धा येईना. पण वर्षभर नेटानं लिहिल्यावर चेक निघण्याइतकी रक्कम झाली.

अट एकच होती. पत्ता खरा आहे का हे बघायला कंपनी साध्या टपालानं पाकीट पाठवते. आत सहा आकडी पिन असतो. तो चार महिन्यांत साइटवर भरायचा, नाहीतर जाहिराती बंद. पत्र तीनदाच मागवता येतं, पिन दर वेळी तोच असतो. आमची तिन्ही मागवून झाली होती आणि मुदतीचे नऊ दिवस उरले होते.

संगीताचे आईवडील दिवाळीनंतर साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, ही आजोबांजवळ राहायची. तोडीला जोडीनं जावं लागतं, एका जोडीला 'एक कोयता' म्हणतात. आईची कंबर पार गेली होती. वडील आसारामभाऊ जाताना स्वच्छ सांगून गेले होते की कॉम्प्युटरचे पैसे हातात आले तर ठीक, न्हाईतर पुढच्या साली आईच्या जागी कोयत्यावर तू. आणि ब्लॉगचं हे खूळ तिच्या डोक्यात घातलं होतं मी. मला जेवण जाईना.

शेवटी तिच्या गावच्या पोस्टमनला, नागनाथमामांना गाठलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मामा म्हणाले,

"तिन्ही आली की. तिन्ही पोचती केली."

"कुणाला?"

"ज्याच्या नावानं आली त्याला. आसाराम हाय कारखान्यावर. इथं देऊन काय करू? मुकादमाच्या जीपमधी टाकली."

आमच्याकडची रीतच ती. हंगामात अर्धं गाव बाहेर असतं. त्यांची पत्रं, औषधं, ज्वारीचं पीठ, सगळं टोळीच्या मुकादमाची जीप घेऊन जाते. मामांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं. संगीताचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून फॉर्मवर आसारामभाऊंचं नाव मीच टाकलं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तेव्हा टोळीत मोबाइल एकट्या मुकादमाकडं असायचा. संगीताला क्लासात बसवून मी त्याला फोन लावला. त्यानं आसारामभाऊंना उसाच्या फडातून बोलावून आणलं. पाकिटं मिळाली का, मी विचारलं.

"मिळाली. पेटीत ठिवलीत," ते हळूच म्हणाले. "इंग्रजी हाय, मला वाटलं नोटीस हाय. पोरीनं कायतरी घोटाळा केला असंल म्हणून कुणाला बोललो न्हाई."

दोन-अडीच महिने हा माणूस ती धास्ती मनात ठेवून ऊस तोडत होता. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, भाऊ, एक पाकीट फाडा, इंग्रजी राहू द्या, नुसते आकडे सांगा. आकड्यांना ते अडले नाहीत. वजनकाट्याची पावती रोज वाचणारा माणूस तो. एकेक आकडा त्यांनी दोनदा सांगितला. संगीतानं तो टाइप केला आणि एंटर दाबलं.

हिरवी खूण आली. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. फोन संगीताच्या हातात दिला.

"आबा, नोटीस न्हाई ती. पैसे येनार हायती."

"मंग तुझ्या आईला सांगतो," एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरात चेक आला. तोसुद्धा मामा जीपमध्येच टाकणार होते. मी रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचो, म्हणून वाचला. पुढच्या दिवाळीनंतर आसारामभाऊंनी चुलतभावाबरोबर कोयता लावला. आई आणि संगीता घरीच राहिल्या.

तेव्हापासून कुणाचाही ऑनलाइन फॉर्म भरताना मी पिनकोडच्या आधी एक प्रश्न विचारतो: दिवाळीनंतर घरी कोण असतं?