बॉनेटवरचे ठिपके कुणाचे

गॅरेजात तिला सगळे जांभळी म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. जांभळी हे नाव पडलं तिच्या औषधावरून. गाडीच्या रंगात लोखंडाचे बारीक कण रुतून बसतात, आणि नुसत्या साबणानं ते निघायचं नाव घेत नाहीत. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा आणि मग औषध फवारायचं. जिथं लोखंड असेल तिथं जांभळे ओघळ सुटतात. वास असा सुटतो की बघायला आलेला माणूस नाक धरून दोन पावलं मागे सरकतो. ती मात्र जागची हलायची नाही. औषध वाळायच्या आत पाण्याचा पाइप हातात घ्यायची आणि सगळं धुऊन काढायची.

धुऊन झालं की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतल्या हाताला कळतं. एक कण राहिला तरी सांडलेल्या रव्यासारखा बोटाला लागतो. लागला की पुन्हा फवारा, मग पलीकडे गिऱ्हाईक घड्याळ बघत का उभं असेना! आठ वर्षांत तिच्या हातून गेलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. अशा बाईला कुणी म्हणावं की तू रंग जाळलास? पण म्हणाले ना!

दातांच्या डॉक्टरीणबाई एका सकाळी तणतणतच आवारात शिरल्या. त्यांची पांढरी गाडी तीन आठवड्यांपूर्वी हिनंच साफ केली होती आणि रंग जपायला वर कोटिंगचा पातळ थर चढवला होता. आता बॉनेटवर आणि टपावर नारिंगी ठिपके उमटले होते, कुणी तिखट भुरभुरल्यासारखे.

"तुमच्या त्या जांभळ्या अ‍ॅसिडनं माझ्या गाडीचा रंग खाल्ला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला लेखी माफी हवी. नाहीतर मी गावभर सांगेन."

गॅरेजचे मालक तसे मऊ माणूस. कुणी आवाज चढवला की यांचा आवाज बसलाच म्हणून समजा. बाई गेल्याबरोबर त्यांनी कागद काढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'माझ्या हातून औषध जास्त वेळ राहिल्यामुळे रंग खराब झाला.' मग कागद तिच्याकडे सरकवला.

"सही कर. बाईंचा राग शांत होईल. थोडे दिवस नुसतं धुण्याचं काम कर, मग बघू."

"नाही करत."

"अगं, नुसती सही तर आहे!"

"नुसती कशी? उद्या मी कुठल्याही गॅरेजात काम मागायला गेले तर हा कागद माझ्याआधी तिथं पोचलेला असेल. जे केलंच नाही त्यावर सही कशाला करू?"

तिला ते ठिपके बघताक्षणी कळले होते. कोटिंग ओलं असताना वरून पडलेले लोखंडाचे कण होते ते, ओल लागून गंजलेले. कोटिंग पक्कं व्हायला दोन दिवस लागतात, आणि नेमके तेच दोन दिवस ती माहेरी गेली होती. गाडी आतच ठेवा, असं मालकांना दहादा बजावून गेली होती. मालकांनी दुसऱ्या गाडीला जागा हवी म्हणून ती बाहेर काढली, कमरेएवढ्या भिंतीला लागून. आणि भिंतीपलीकडे काय होतं? लोखंडी गेटं बनवायचं दुकान. दिवसभर तिथं ग्राइंडर किंचाळायचा आणि ठिणग्यांचा फवारा भिंतीवरून अलीकडे यायचा.

ते दुकान तिच्या सासऱ्यांचं होतं. तिथं तर खरी गोम होती.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनीच विषय काढला. मालकांनी त्यांच्या कानावर घातलंच होतं.

"सही करून मोकळी हो. दुकानाची जागा मालकांचीच आहे, ठिणग्यांचं नाव काढलंस तर ते मला तिथून उठवतील. तीस वर्षं झाली मला त्या जागेत."

"आणि माझं काम, मामंजी?"

"तुझं काय? घरी बसशील. काही कमी आहे का या घरात?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं त्या वासात उभं राहून, हिवाळ्यात गार पाण्यानं बोटं बधिर करून घेऊन जे शिकलं, त्याचं मोल काय, तर 'तुझं काय'! तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटात बघत होता.

"तू बोल ना काहीतरी."

"दोघांचंही बरोबर आहे," नवरा म्हणाला.

"मग जेव निवांत," ती म्हणाली आणि स्वतःचं ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं भंगारातलं एक पांढरं दार शोधून काढलं. धुतलं, औषध फवारलं, पुन्हा धुतलं, असं एकही थेंब जांभळा होईनासा होईपर्यंत चाललं होतं. मग दाराच्या अर्ध्या भागावर प्लास्टिक चिकटवलं, अर्धा भाग उघडा ठेवला आणि गाडी जिथं उभी होती तिथंच ते दार भिंतीला टेकवलं. मालक लांबून बघत होते. पलीकडे सासऱ्यांनी दिवसभर एका शाळेचं मोठं गेट कापलं. संध्याकाळी तिनं डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन केला. "उद्या दुपारी पाच मिनिटं या. चूक माझी निघाली तर तुमच्यासमोर सही करीन."

बाई आल्या, घड्याळाकडे बघतच. तिनं प्लास्टिक सोलून काढलं आणि पूर्ण दारावर फवारा मारला. झाकलेला भाग पांढराच्या पांढरा राहिला. उघड्या भागावरून मात्र जांभळे ओघळ खाली लोटले.

भिंतीपलीकडून सासरे गरजले, "औषधच जांभळं आहे तिचं! कशावरही मारा, जांभळंच होणार!"

तिनं पुडक्यातलं कोरं कापड काढून त्यावर फवारलं. कापड ओलं झालं, बाकी काही नाही. मग ती तरातरा भिंतीला वळसा घालून गेली आणि सासऱ्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला.

"अगं ए! काय चाललंय काय?"

तोवर तिनं टॉवेल भिंतीवर पसरून फवारा मारलाही होता. सकाळी घरून धुऊन आलेला टॉवेल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळा होत गेला. सासरे एकदा टॉवेलकडे बघत होते, एकदा स्वतःच्या हातांकडे.

डॉक्टरीणबाईंनी मालकांकडे मोर्चा वळवला. "माझी गाडी इथं बाहेर कुणी ठेवली होती?"

मालकांनी बुटांकडे बघितलं. "मी."

"आणि माफी हिच्याकडून लिहून घेत होतात?"

जांभळीनं पुढचं बोलणं आधीच ठरवून ठेवलं होतं. "बाई, गाडी मी पुन्हा करून देते, ठिपके निघतील. पण आजपासून आवारात ओल्या कोटिंगची गाडी असली तर मला विचारल्याशिवाय ग्राइंडर सुरू व्हायचा नाही."

"मी?" सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मी सुनेला विचारू? माझ्या दुकानात?"

"विचारावं लागेल, मामंजी."

"विचारा, काका," मालक हळूच म्हणाले. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

घरी चार दिवस अबोला चालला. सासरे पाणीसुद्धा मुलाकरवी मागायचे. ती पाणी द्यायची, जेवण वाढायची, पण माफी मागितली नाही. कशाची मागायची? नवऱ्यानं एकदा "जरा पडतं घे" म्हणून बघितलं. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यावर त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंची गाडी नव्या कोटिंगसह आवारात उभी होती. आत जागा नव्हती आणि पलीकडे शाळेचं गेट न्यायला टेम्पो येऊन थांबला होता. गेटाचे दोन जोड घासायचे राहिले होते. सासरे भिंतीपाशी आले. खाकरले. ग्राइंडर या हातातून त्या हातात घेऊन पुन्हा खाकरले.

"सुरू करू का?"

तिनं मान वर केली नाही. "नाही."

"दोनच जोड आहेत गं."

"कोटिंग ओलं आहे. पाच वाजता त्याचे दोन दिवस पुरे होतात, मग करा."

सासऱ्यांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि टेम्पोवाल्याकडे वळले. "पाचला ये रे. ती नाही म्हणते."

"ती कोण?" टेम्पोवाला वैतागला. "एवढ्याशा कामाला कुणाला काय विचारायचं?"

"तिला कळतं त्यातलं," सासरे त्याच्यावरच खेकसले. "पाचला ये म्हटलं ना!"