देवमाशासाठी दुसरी फेरी

रायपूरच्या माणसाला पाणी म्हणजे तलाव. पलीकडचा काठ दिसला नाही तर आम्हाला चैन पडत नाही. अशा गावात मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर देवमासा काढला. तो मासा नाही, हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, त्याची शेपूट माशासारखी उभी नसते, आडवी असते, हे ठासून सांगितलं. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आपने देखा है?" मी नाही म्हणाले, आणि ते नाही म्हणणं मला फार लागलं.

म्हणून माझ्या निवृत्तीनंतर मुलगा आणि सून श्रीलंकेला निघाले, मलाही चल म्हणाले, तेव्हा मी एकच अट घातली. देवमासा दाखवायचा.

पहिल्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. रिकाम्या पोटी घराबाहेर पडायचं नाही हा आमच्या घरचा कायदा, म्हणून बोटीवर चढण्याआधी मी घरून आणलेल्या तिखट पुऱ्या दोघांना आग्रह करकरून खाऊ घातल्या. किनारा मागे पडला आणि वारा सुटला. ढग आले, सरीवर सर आली, लगेच ऊन पडलं, परत अंधारून आलं. बोट अशी हलायला लागली की पुऱ्यांनी आमची साथ सोडली. मुलगा तर पिशवीत तोंड घालूनच बसला.

आमच्याकडे उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. मी तो परदेशातही नेला होता. फोडून मुलाच्या नाकाशी धरला. "हुंग, बरं वाटन." त्याला बरं तर वाटलं नाहीच, पण शेजारचे दोघं गोरेही पिशव्या शोधायला लागले. शेवटी नावाड्यानं बोट वळवली.

त्या बोटवाल्यांची एक चांगली रीत आहे. देवमासा दिसला नाही तर दुसऱ्या सकाळी फुकट नेतात. मी लगेच हो म्हणाले.

हॉटेलात मुलगा भडकला. "आई, बस हो गया. टीव्ही पे देख लेना."

"टीव्हीवरच पाहाचा असता तर चौबे कॉलोनीत घरी सोफ्यावर बसली असती ना मी."

"तेरा घुटना देख. मौसम का कोई भरोसा नहीं. तू अकेली नहीं जाएगी, बस."

ते 'बस' ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. हे होते तोवर मी यांना विचारायची. हे गेल्यावर मुलाला. डॉक्टर बदलायचा, बहिणीकडे दुर्गला जायचं, साधा पंखा घ्यायचा, कोणीही काही म्हणो, माझं उत्तर ठरलेलं: विचारून सांगते. वर्गात सगळ्या पोरांना धाकात ठेवणारी बाई घरात परवानगी मागत फिरत होती.

"मी उद्या जाऊन राहिली," मी म्हणाले. "झोप आता."

सकाळी सुनेनं हळूच उलटीची गोळी हातावर ठेवली. "मम्मी, ये खा लो. और पूरी बिल्कुल मत खाना." तिचं मात्र मी ऐकलं. कांदा आणि पुऱ्यांची पिशवी बरोबर घेतलीच.

नावाड्यानं आधीच बजावलं होतं की वारा वाढला तर परतायचं. ते मला मान्य होतं. समुद्र त्याला कळतो. पण वारा बेताचाच राहिला. पाऊस आडवा आला तसे सगळे छताखाली पळाले. मी कठडा धरून बाहेर बसून राहिले. गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं.

मग ऊन पडलं आणि समोरच पाण्यातून फुस्स करून फवारा उडाला. श्वास! पाठ वर आली. ती संपेचना. निळसर, ओली, सरकतच राहिली. शेवटी शेपूट उचलली गेली, पाणी निथळत. आडवी. अगदी मी फळ्यावर काढायची तशी आडवी. मी ढसाढसा रडले. एक अनोळखी बाई माझा फोटो काढत होती, तिला म्हटलं, "अगं, तिकडं पाहा!" तिला मराठी कुठून कळणार, पण वळली.

धक्क्यावर मुलगा उभा होता, नखशिखांत भिजलेला. घाबरला होता, ते मला दिसत होतं, आणि त्याचं वाईटही वाटलं. पण तो ओरडलाच. "ऐसे बिना पूछे कैसे चली गई तू?"

"बिना पूछे काहून म्हणतं? मी तुले विचारलंच नव्हतं. सांगितलं होतं."

तो माझ्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाला. मी ती दिली नाही, तिच्यातून उरलेल्या पुऱ्या काढल्या आणि तिथंच उभ्यानं खायला लागले.