अंजनाबाईची झोप

धरमपेठेत अंजनाबाई नागोसेला ओळखत नाही असा दुकानदार शोधून सापडायचा नाही. शनिवार उजाडला की टोपलीत लिंबू-मिरच्यांच्या माळा घेऊन ती निघते, मागच्या शनिवारच्या सुकलेल्या माळा काढते, नव्या बांधते आणि दुकानाची नजर उतरवून पुढे जाते. काचेच्या दारांची शोरूमवाली मंडळीही तिची वाट बघत उभी असतात. मिरची कशी पारखावी हे तिला कुणी शिकवायला नको, कारण ती मिरचीच्या भिवापूरकडची. उमेदीची सगळी वर्षं सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या अंगणात, देठ खुडण्यात गेलेली. आता साठीची, अंगानं काटक आणि जिभेनं त्या मिरचीसारखीच. तिला रोज शेकडो माणसं बघतात, पण रात्री झोपलेली कुणीच पाहिली नव्हती. विधानसभेच्या निवडणुकीआधी मतदार यादीत नाव घालायचं तिनं मनावर घेतलं नसतं, तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

नाव घालायचं काम होतं नंदिनी गजभियेकडे. नंदिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आणि त्या भागाची बीएलओ, मतदार यादीची कर्मचारी. म्हणजे शाळा सांभाळून घरोघर हिंडायचं आणि कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं याची नोंद ठेवायची. लोक तिला कधी गॅसवाली समजतात, कधी विम्याची एजंट, आणि दारातूनच वाटेला लावतात. तरी ती हे काम मनापासून करायची. तिचे आजोबा रामाजी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. मतदानाच्या दिवशी पांढरे कपडे घालून सातच्या आत रांगेत उभे राहायचे. "लग्नाले उशीर चालते, मताले नाही," असं म्हणायचे. नंदिनीनं ते लहानपणी त्यांचं बोट धरून ऐकलं होतं.

शाळेत नोंदणीचं शिबिर लागलं तेव्हा अंजनाबाई रिकामी टोपली घेऊन आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, माह्यं नाव कोठीच नाही."

"गावाकडे असेल ना, मावशी?"

"गावच्या लोकायनं काढलं. नवरा गेला, मी इकडं आली, त्यायनं लिहिलं, राहत नाही. खरंच लिहिलं, बाप्पा. मी नाहीच राहत तिथं. पण मंग जिथं राहतो तिथं तर लिहान की नाही?"

एकोणीस वर्षं ती घड्याळाच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर राहत होती. घर नाही, भाडेपावती नाही, विजेचं बिल नाही. फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात नंदिनीनं तेच लिहिलं: घड्याळाच्या बंद दुकानाची पायरी, धरमपेठ. अंजनाबाईनं ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

बेघर माणसासाठी नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नाही. बीएलओनं रात्री स्वतः जाऊन बघायचं, माणूस खरंच तिथं झोपतो का. नंदिनीला हा नियम फार आवडायचा. कागद नसलेल्या माणसाला बघायला सरकारनं रात्री चालत जायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला तिनं मनातल्या मनात कितीदा तरी हात जोडले होते.

पहिल्या रात्री साडेअकराला ती नवऱ्याबरोबर स्कूटरवरून गेली. नवरा सुशील, झोपेचा भोक्ता, सारखा जांभया देत होता. पायरीवर अंजनाबाई शटरला पाठ टेकून ताठ बसलेली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मांडीवर हातभर लांब काठी. नंदिनीला वाटलं, आपण येणार म्हणून बिचारी थांबली.

"मावशी, माझ्यासाठी जागू नका. झोपा तुम्ही."

"हो, हो," अंजनाबाई म्हणाली.

चार दिवसांनी नंदिनी सुशीलला घेऊन, न सांगता, रात्री दोनला गेली. अंजनाबाई तशीच बसलेली, तीच काठी. डोळे टक्क उघडे.

"काहून जागून राहिल्या, मावशी? आता तर मी सांगूनही आले नव्हते."

अंजनाबाईला हसू आलं. "पोरी, तू शिकलेली आहेस ना वं? बाईमाणूस रस्त्यावर रातले झोपते का?"

नंदिनी पायरीच्या कडेला बसली. अंजनाबाई बोलत राहिली, भाजीचा भाव सांगावा तसं. पहिल्याच महिन्यात कुणीतरी पदर ओढला होता. त्या दिवसापासून तिनं रात्री डोळा मिटला नव्हता. झोपायची ती दुपारी, बागेतल्या बाकड्यावर, चार माणसांच्या वर्दळीत. पायरीवर फक्त रात्र काढायची. एकोणीस वर्षं.

घरी येताना नंदिनी मागच्या सीटवर बसून हिशेब करायला गेली आणि तिनं तो अर्ध्यात सोडून दिला. एवढ्या रात्री! आपण एका आजारी लेकरासाठी तीन रात्री जागलो तर महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. ही बाई रोज रात्रभर जागते आणि सकाळी लोकांच्या दुकानांची नजर उतरवायला जाते. नंदिनीचा नजरेबिजरेवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या बाईपुढे तिचं डोकं आपोआप झुकलं.

सकाळी तिनं वरच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "मॅडम, झोपलेली दिसली पाहिजे. जागी बसलेली बाई तर कोणीही असू शकते." उद्या संध्याकाळी अहवाल द्यायची शेवटची मुदत होती. नाही दिला, तर या निवडणुकीला नाव नाही.

"अवं, लिहून टाक ना झोपली होती म्हणून," सुशील म्हणाला. "कोण पाहाले येते?"

नंदिनीचाही हात शिवशिवत होता. दुपारी तिनं बागेतल्या बाकड्यापाशी जाऊन अंजनाबाईला तसं सुचवूनही पाहिलं. अंजनाबाई उठून बसली.

"नको, पोरी. गावानं खरं लिहून काढलं मले. तू खरं लिहूनच घाल. नाहीतर राहू दे."

मग नंदिनीला एकच वाट दिसली. त्या रात्री दहाला ती सतरंजी, पाण्याची बाटली आणि थर्मास घेऊन पायरीवर आली. सुशीलला तिनं समोरच्या चौकात स्कूटरवर बसवलं.

"मावशी, काठी माझ्याकडे द्या. आज मी बसते. तुम्ही झोपा."

अंजनाबाईनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुहा डोया लागला तं?"

"नाही लागू देणार."

"चहा पिऊन घे मंग." काठी देताना तिच्या हाताची मूठ लवकर सुटली नाही. ती आडवी झाली, दोनदा उठून बसली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं, पुन्हा आडवी झाली. साडेअकराच्या सुमारास तिचा श्वास बदलला. हात उशाला, गुडघे पोटाशी, तोंड थोडं उघडं. एवढी कडक बाई झोपेत केवढीशी दिसत होती!

नंदिनी जागत राहिली. एकच्या पुढे एक मोटरसायकल आली, पायरीसमोर हळू झाली आणि दिव्याचा झोत दोघींवर स्थिरावला. तिनं काठी आडवी धरली आणि झोताकडे सरळ बघितलं. गाडी गेली. चौकातून सुशील धावत आला तोवर सगळं संपलंही होतं, तरी तिनं काठी खाली ठेवली नाही. ही एक रात्र, तीही नवरा हाकेवर असताना. अंजनाबाई कूसही न बदलता झोपली होती.

दुधाच्या गाड्या आल्या तेव्हा ती धडपडून उठली. आधी रस्ता बघितला, मग नंदिनीला.

"जागीच आहेस?"

"जागीच."

"मंग लिही," अंजनाबाई म्हणाली आणि तोंड पुसायच्या निमित्तानं बराच वेळ डोळ्यांना पदर लावून बसली.

नंदिनीनं पायरीवरच अहवाल लिहिला: सदर व्यक्ती नमूद ठिकाणी रात्री झोपलेली प्रत्यक्ष पाहिली. नोकरीत हजारो ओळी लिहिल्या, पण या ओळीखाली सही करताना तिला रामाजींचे पांढरे कपडे आठवले.

मतदान त्याच शाळेत होतं. अंजनाबाई ऐन दुपारी आली, आपली झोप मोडून, डोक्याला तेल लावून. आत अधिकाऱ्यानं अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा ती जागची हलेना.

"आणखी एकदा म्हणा ना जी."

त्यानं वर बघितलं आणि पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

बाहेर नंदिनी मदतीच्या टेबलावर बसली होती. अंजनाबाईनं शाईचं बोट तिच्यापुढे धरलं. नंदिनीनं ते हातात घेतलं आणि इतके दिवस मनात घोळणारं विचारलं, "मावशी, आता तरी रात्री झोपता का थोडं?"

"कायची झोप वं." अंजनाबाईनं टोपली उचलली. "पण पहिले दुसऱ्याच्या पायरीवर जागत होतो. आता माह्या पत्त्यावर जागून राहिलो."